मुलांमधील हाडाचा कॅन्सर आनुवंशिक असतो का?

मुलाच्या हाडात कॅन्सर आहे हे कळल्यावर पालक दोन प्रश्न हमखास विचारतात: ‘हे आमच्यामुळे झाले का?’ आणि ‘धाकट्या भावंडालाही होईल का?’ बहुतेक कुटुंबांसाठी दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

मुख्य प्रकार कोणते?

किशोरवयात ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा हे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. ऑस्टिओसार्कोमा बहुधा गुडघ्याजवळ होतो, कारण उंची झपाट्याने वाढताना तेथील पेशींचे विभाजन वेगाने होत असते. युइंग सार्कोमा मांडीचे हाड, कंबरेचे हाड किंवा बरगडीतही होतो.

जनुकांमध्ये काय बिघडते?

युइंग सार्कोमात ११ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून अदलाबदल होऊन जोडले जातात. सुमारे ८५ टक्के रुग्णांत त्यातून ईडब्ल्यूएसआर१ आणि एफएलआय१ ही जनुके एकमेकांना चिकटतात आणि तयार होणारे चुकीचे प्रथिन पेशीला कॅन्सरकडे नेते. हा बदल फक्त गाठीच्या पेशींत असतो, तो आई-वडिलांकडून येत नाही. बायॉप्सीच्या तुकड्यावर हा बदल तपासून निदान पक्के करता येते.

ऑस्टिओसार्कोमात असा एकच ठरावीक बदल नसतो. अनेक गुणसूत्रे तुटतात, विस्कटतात. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी टीपी५३ आणि आरबी१ ही जनुके अनेकदा निकामी झालेली आढळतात. प्रत्येक गाठ वेगळी असल्याने सर्वांना लागू पडेल असे नेमके औषध शोधणे कठीण जाते.

आनुवंशिकता कधी तपासावी?

काही मोजक्या कुटुंबांत टीपी५३ मधील दोष जन्मतःच असतो (ली-फ्रॉमेनी सिंड्रोम). लहानपणी डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा आनुवंशिक कारणाने झालेल्या मुलांनाही पुढे ऑस्टिओसार्कोमाचा धोका जास्त असतो. घरात कमी वयात कोणाला कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. गरज वाटल्यास ते जनुकीय समुपदेशन आणि रक्ततपासणी सुचवतील.

मुका मार लागल्याने होतो का?

नाही. खेळताना मार लागतो, त्या निमित्ताने आधीपासून असलेली गाठ लक्षात येते.

सोलापूर जिल्ह्यातील रुग्णांसाठी

बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील कॅन्सर रुग्णांची नोंदणी १९८७ पासून येथून होत आली आहे. ही भारतातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. हाडाचा कॅन्सर दुर्मीळ असल्याने संशोधनासाठी प्रत्येक नोंद आणि संमतीने दिलेला प्रत्येक नमुना मोलाचा ठरतो.

हे लक्षात ठेवा

• दोन-तीन आठवडे न थांबणारे, रात्री झोपमोड करणारे दुखणे किंवा वाढती सूज असल्यास एक्स-रे काढा.
• अशी सूज चोळू नका, मालिश करू नका.
• जेथे शस्त्रक्रिया होणार, शक्यतो तेथेच बायॉप्सी करा. जागा चुकल्यास पुढे पाय वाचवणे अवघड होऊ शकते.
• दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टसोबत बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.

आजार वेळेत कळला, तर केमोथेरपी आणि शस्त्रक्रियेने अनेक मुले बरी होतात आणि बऱ्याच जणांचा हात-पायही वाचतो.