जिथे पडला, तिथेच बांधा

हाडांच्या वॉर्डात नोकरी केलेल्या प्रत्येक सिस्टरच्या हाताला थॉमस स्प्लिंट ओळखीची असते. जांघेत बसणारं, चामडं चढवलेलं कडं आणि पायाच्या दोन्ही बाजूंनी पावलापलीकडे जाणाऱ्या लोखंडी सळ्या. ड्यूटीवर आले की मी आधी बघायची, कड्याखालची कातडी काचत नाही ना, पायाची बोटं गरम आहेत ना.

ही स्प्लिंट हाडवैद्यांच्या घरातून आली. वेल्समधल्या अँगलसी बेटावरचं थॉमस घराणं पिढ्यान्‌पिढ्या हाडं बसवायचं. इव्हान थॉमस लिव्हरपूलला आले. तिथे रुग्णांची रीघ लागली, पण पदवी नाही म्हणून त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मग त्यांनी पाचही मुलांना डॉक्टर केलं. त्यांतल्या ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनी स्वतःच्या कारखान्यात ही स्प्लिंट घडवली, ती मुख्यतः गुडघ्याच्या सांध्याच्या आजारासाठी. दुखऱ्या सांध्याला पुरती, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, यावर ते ठाम होते. दर रविवारी ते गरिबांना फुकट तपासत. समव्यावसायिकांनी मात्र हयातभर त्यांची फारशी दखल घेतली नाही.

त्यांच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स त्यांच्या हाताखाली तयार झाला. १८८८ पासून मँचेस्टर जहाज कालव्याच्या कामावर त्याने मजुरांसाठी ठिकठिकाणी प्रथमोपचार केंद्रं आणि इस्पितळं चालवली. पुढे पहिल्या महायुद्धात त्याने थॉमस यांच्या स्प्लिंटचा आग्रह धरला.

मांडीचं हाड मोडलं की भोवतालचे दणकट स्नायू आखडून तुकडे एकमेकांवर चढवतात. प्रत्येक हिसक्याला टोकदार हाड मांस आणि रक्तवाहिन्या फाडतं. आतल्या आत लिटरभर रक्त सहज साचतं. युद्धाच्या सुरुवातीला असे ८० टक्के जखमी दगावत, असं तेव्हाच्या सर्जननी नोंदवलं आहे. मग स्ट्रेचर वाहणाऱ्या शिपायांना डोळे बांधून, अंधारातसुद्धा स्प्लिंट चढवायला शिकवलं. बूट, पँट न काढता, जागच्या जागी पाय ताणून बांधायचा आणि मगच उचलायचं. १९१७ मध्ये अरासच्या लढाईत हेन्री ग्रे या सर्जनच्या नोंदीत मांडीच्या उघड्या फ्रॅक्चरचे १००९ जखमी होते, त्यांतले १५.६ टक्के दगावले. अँटिबायोटिक्स अजून यायची होती.

आपल्या रस्त्यांवर आजही जखमीला हातापायांना धरून जीपमध्ये कोंबतात. हेतू चांगला असतो, पण त्या उचलण्यानेच बंद फ्रॅक्चर उघडं झालेलं मी वॉर्डात पाहिलं आहे. म्हणून कळकळीने सांगते. जागा धोक्याची नसेल तर माणसाला हलवू नका, १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबा, पण बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. चोळू नका, ओढू नका, खायला-प्यायला देऊ नका. हलवणं भागच असेल, तर आधी दोन्ही पायांमधे कापडाची घडी ठेवून मोडलेला पाय दुसऱ्या पायाला बांधा, किंवा फळीचा आधार द्या, आणि बोटं गार पडत नाहीत ना, ते बघत राहा.