भामिनी साकारणारा पिता

१/ १२ मार्च १९११, मुंबई. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी नायिकेची भूमिका करणाऱ्या नटाची लहानगी मुलगी निवर्तली. तरीही प्रयोग झाला. तो नट म्हणजे २२ वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

२/ हा प्रसंग सहसा कर्तव्यनिष्ठेची कथा म्हणून सांगितला जातो. मित्रहो, आज त्याकडे अभिनयाच्या अंगाने पाहू. भूमिका करुण असती, तर नटाला स्वतःचे अश्रू तिच्यात मिसळता आले असते. पण खाडिलकरांची भामिनी श्रीमंताची मानी कन्या. धैर्यधराला निर्धन म्हणून झिडकारणारी. तिच्यात पित्याच्या शोकाला जागाच नव्हती.

३/ शिवाय ही भामिनी स्वतःही सोंग घेते. ‘वनमाला’ या नावाने ती धैर्यधराच्या छावणीत सेविका म्हणून वावरते आणि त्या वावरण्यातूनच तिचे मन पालटते. शोकाकुल पिता गर्विष्ठ युवती होतो, ती युवती गरीब सेविका होते. या तिन्ही स्वभावांचे भान नटाला एकाच वेळी राखावे लागले.

४/ १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. तिने १९१९ मध्ये गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. त्यात बालगंधर्वांची सिंधू मद्यपी पतीपायी दारिद्र्य सोसणारी होती, भामिनीच्या अगदी उलट स्वभावाची. दोन्ही भूमिका गाजल्या.

५/ पुढे १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले. ही तर पुरुषभूमिका! तरी आज त्यांचे नाव निघताच भामिनी आणि सिंधूच आठवतात. पात्र नटाशी जितके मिळतेजुळते, तितके ते अधिक प्रभावी, हे गृहीतक येथे टिकत नाही.

६/ मात्र या कौतुकाला दुसरी बाजू आहे. त्या काळी घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर येणे निषिद्ध मानले जाई. परिणामी ‘आदर्श स्त्री’ कशी बोलते, कशी लाजते, हे पुरुष लिहीत आणि पुरुषच साकारत. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, तेव्हा हे चित्र पालटू लागले.

७/ परकाया प्रवेशाची ही कला थोरच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : दुसऱ्याचे सोंग घेण्याची मुभा कोणाला होती, आणि स्वतःची भूमिकाही कोणाला नाकारली गेली होती?