एक रोग, तीन वह्या

न्यूयॉर्कच्या परिसरात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना १९९९ चा सप्टेंबर अजून आठवत असेल. गणपती बसले होते, पण त्या वर्षी आरतीनंतरच्या गप्पांत विषय एकच, डासांचा. संध्याकाळनंतर औषध फवारणाऱ्या गाड्या फिरत, वरून हेलिकॉप्टरची घरघर ऐकू येई आणि 'खिडक्या लावून घ्या, मुलांना बाहेर सोडू नका' असे फोन घरोघरी जात. पहिले रुग्ण ज्या रुग्णालयात आले, ते फ्लशिंगच्या गणपती मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या डॉक्टर डेबोरा ॲस्निस यांना मेंदूज्वराचे दोन रुग्ण वेगळे वाटले. २३ ऑगस्टला त्यांनी शहराच्या आरोग्य खात्याला कळवले. ३ सप्टेंबरला निदान जाहीर झाले: सेंट लुईस मेंदूज्वर.

पण क्वीन्समध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून कावळे मरून पडत होते. ज्या पक्ष्याला आपण पितृपक्षात पान वाढून बोलावतो, तो अंगणात मरून पडलेला पाहून कुणाला वाईट वाटले असेल, कुणी अपशकुन मानला असेल. मात्र या मरणाचा आणि माणसांच्या तापाचा संबंध लावण्याचे काम कोणत्याच खात्याकडे नव्हते.

तो संबंध लावला ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयातील पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांनी. त्यांच्याकडे फ्लेमिंगो आणि पाणकावळे मरू लागले होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांच्या रक्तात वाढतो, पण पक्ष्यांना मारत नाही. इथे तर पक्षी मरत आहेत. घोड्यांच्या मेंदूज्वराचा विषाणू असता तर इमू आधी मेले असते, पण इमू ठणठणीत होते. म्हणजे हे तिसरेच काहीतरी असले पाहिजे. त्यांनी अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राला फोन केले, नमुने पाठवले. पण ते केंद्र माणसांच्या रोगांचे, पक्ष्यांचे नव्हे. अखेर आयोवातील पशुवैद्यकीय प्रयोगशाळा आणि लष्कराची प्रयोगशाळा यांच्याकडे नमुने गेले, आणि विसर्जनाच्या सुमारास खरे नाव कळले: वेस्ट नाईल. १९३७ साली युगांडात सापडलेला हा विषाणू अमेरिका खंडात प्रथमच आला होता. त्या मोसमात ६२ जण आजारी पडले, ७ दगावले.

नाव चुकले तरी फवारणी वाया गेली नाही, कारण दोन्ही रोग क्युलेक्स जातीच्याच डासांमुळे पसरतात. तो नशिबाचा भाग. गमावला तो वेळ. कावळ्यांची मोजणी वेळीच झाली असती, तर माणसे आजारी पडण्यापूर्वीच डासांकडे लक्ष गेले असते.

आता बेचाळीस वर्षे मागे, आपल्या पुण्याकडे वळू. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यातून बातमी आली, की क्यासनूरच्या जंगलात माकडे मरत आहेत आणि जवळच्या गावांत माणसांना कडक ताप येतो आहे. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क यांच्या मनात प्रथम शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत त्या रोगाने आधी माकडे मरतात, हे त्यांना ठाऊक होते. आशियात पीतज्वर कधीच पसरलेला नव्हता. तो इथे शिरला असता तर अनर्थ झाला असता.

शंका खोटी ठरली, पण कामाची रीत खरी ठरली. रुग्णांचे रक्त, मेलेल्या माकडांचे अवयव आणि जंगलातल्या गोचिडी हे सारे एकाच प्रयोगशाळेत तपासले गेले. रानातल्या जमिनीवरून कापड ओढत न्यायचे आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी वेचायच्या, असे ते चिकाटीचे काम. तिन्हींत एकच नवा विषाणू सापडला आणि त्याला जंगलाचेच नाव मिळाले. तो रशियातल्या एका विषाणूचा नातलग निघाला, तेव्हा स्थलांतरित पक्ष्यांवरून तो आला का, असा प्रश्न पडला. त्याच्या शोधासाठी सलीम अलींच्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालण्याचा प्रकल्प हाती घेतला.

माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. लाकूडफाट्याला गेलेला माणूस तिथेच सापडतो. म्हणून मेलेले माकड ही नुसती बातमी नसते, तो इशारा असतो.

न्यूयॉर्कच्या धड्यानंतर अमेरिकेने २००० साली देशभराची एक नोंदव्यवस्था उभारली. माणसे, घोडे, पक्षी आणि डास यांच्या नोंदी तिच्यात एकत्र येऊ लागल्या. कित्येक ठिकाणी पहाऱ्याच्या कोंबड्या ठेवतात. त्यांचे रक्त ठराविक दिवसांनी तपासले, की विषाणू परिसरात फिरतो आहे का ते कळते. कोंबडी मात्र आजारी पडत नाही.

आणि आपल्याकडे? २०१५ साली माकडताप गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला. काजूच्या बागांत राबणारी माणसे त्याने धरली. माकडे तिथेही मेलीच होती. पण मेलेल्या माकडाची नोंद वनखात्याच्या वहीत, गुरांची पशुवैद्याच्या आणि तापाची आरोग्य केंद्राच्या, अशीच आपली जुनी घडी आहे. विषाणू मात्र एकच असतो. त्याला खाती माहीत नसतात.

या कथेत आपल्यालाही छोटे काम आहे. इथे अंगणात मेलेला कावळा दिसला तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे. कोकणातल्या घरी फोन कराल तेव्हाही सांगा: रानात माकड मेलेले दिसले तर जवळ जाऊ नका, पण गप्पही बसू नका. १९५७ साली त्या रानातली बातमी पुण्यापर्यंत पोहोचली, म्हणूनच पुढचा सारा शोध लागला.