रक्ताची गुठळी आणि संप्रेरकें
ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीच्या अंगाचा होणारा दाह शमविण्यासाठीं १९४२ सालीं अमेरिकेंत एका औषधास मान्यता मिळाली; गाभण घोडींच्या मूत्रांतून काढलेलीं तीं संप्रेरकें होतीं. परंतु जिच्या शिरेंत पूर्वीं गुठळी झाली आहे, तिनें तीं घ्यावींत काय? हें पारखावयास अर्धें शतक लोटलें! नॉर्वेंत अशा १४० स्त्रियांवर प्रयोग झाला. संप्रेरकें घेणाऱ्या ७१ जणींपैकीं ८ जणींस पुन्हां गुठळी झाली. औषधहीन गोळ्या घेणाऱ्या ६९ जणींत एकीसच. प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविला, हें उचितच झालें. गोळींतील द्रव्य प्रथम यकृतांत जाऊन रक्त गोठविणारे घटक वाढवितें. कातडीवरील पट्टीनें हा फेरा टळतो. २००३ सालच्या फ्रेंच पाहणींत पट्टीनें धोका वाढलेला दिसला नाहीं. मात्र तींतील रुग्ण स्त्रियांस गुठळी प्रथमच झालेली होती.