एका बाळंतिणीचे मरण

लक्ष्मीपूजनाला पुष्कळ घरांत जुना राणीछाप रुपया पाटावर मांडतात. ती राणी व्हिक्टोरिया गादीवर आली, ती एका बाळंतिणीच्या मरणामुळे.

राजा तिसरा जॉर्ज याला १५ मुले. परंतु हयात औरस नातवंड एकच, राजकन्या शार्लट. नोव्हेंबर १८१७ मध्ये दोन दिवस वेणा सोसून तिला मृत पुत्र झाला आणि काही तासांतच, २१ व्या वर्षी, तीही गेली. तिचे वैद्य सर रिचर्ड क्रॉफ्ट यांनी पुढल्या फेब्रुवारीत आत्महत्या केली.

आता गादीला वारस कोठला? शार्लटचे प्रौढ काका घाईघाईने बोहल्यावर चढले. केंटच्या ड्यूकने १८१८ मध्ये शार्लटच्याच विधुर पतीच्या बहिणीशी लग्न केले. २४ मे १८१९ रोजी त्यांना कन्या झाली, तीच व्हिक्टोरिया!

वंशावळीत शार्लटची फांदी तेवढी खुंटलेली दिसते. तिच्या वेणांची नोंद तेथे नसते.