1 मार्च 2000 : महापुरात झाडावर जन्मलेली मुलगी

मोझांबिकमधील लिंपोपो नदीच्या महापुरात चिबुतोजवळ एक गरोदर बाई काही दिवस झाडावर जीव मुठीत धरून बसली होती. 1 मार्चला ती तिथेच बाळंत झाली. दक्षिण आफ्रिकेच्या हेलिकॉप्टरमधून लष्कराचा वैद्यकीय जवान दोराने झाडावर उतरला, त्याने नाळ कापली आणि मायलेकींना सुखरूप वर घेतले.

ही दृश्ये जगभर दिसली आणि मदतीचा ओघ वाढला. तो आधीच यायला हवा होता. पाऊस फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून कोसळत होता, 22 तारखेला एलिन चक्रीवादळ धडकले. तरीही आकाशात होती ती मुख्यतः शेजारच्या दक्षिण आफ्रिकेची मोजकी हेलिकॉप्टर. पुराने सुमारे 700 बळी घेतले. सुमारे 45,000 जणांना वाचवण्यात आले, त्यातले निम्म्याहून अधिक बोटींतून. त्या बोटींवर बहुतांशी मोझांबिकचेच लोक राबत होते, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

पुढे एकोणीस वर्षांनी, मार्च 2019 मध्ये, इदाई चक्रीवादळाने याच देशातील बैरा शहर उद्ध्वस्त केले. तेव्हा सर्वांत आधी पोहोचलेल्या परदेशी मदतीत भारतीय नौदलाच्या ‘सुजाता’ आणि ‘शार्दूल’ या युद्धनौका होत्या.