पोहणं, सायकल, धावणं... आणि एक कात्रण

शनिवारी रात्री लेकीचा फोन आला की मी न विचारताच तांदूळ काढून ठेवायची. "आई, उद्या मुरबाडपर्यंत जाऊन येते. परतताना तुझ्याकडे. मऊ भात कर, मीठ जरा जास्त घाल." पहाटे साडेचारला ठाण्याहून निघायची, कल्याणवरून मुरबाड रस्त्याला लागायची, आणि दहाच्या सुमारास आमच्या डोंबिवलीच्या जिन्यात तिच्या सायकलच्या बुटांची टकटक ऐकू यायची. वय त्रेचाळीस, दोन मुलांची आई, बँकेत नोकरी. २०२४ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत हे चाललं होतं.

नातेवाइकांना एव्हाना सगळं ठाऊक आहे, पण इथे वाचायला येणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठी सांगते. गोव्यातल्या या शर्यतीत आधी १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ओल्या अंगानं बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची, आणि सायकल ठेवली की लगेच २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. पोहायला एक तास दहा मिनिटं. तेवढ्यात किनाऱ्याला लागला नाहीत तर सायकलीला हात लावायचा नाही, घरी जायचं. आणि एवढ्याला म्हणतात 'हाफ'! पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असतो.

आमच्या धाकट्या जाऊबाईंनी विचारलंच, "जिंकली तर किती मिळतात?" मी म्हटलं, "मिळत काही नाही, उलट आपणच फी भरायची." त्या बराच वेळ गप्प होत्या.

पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठलीही गोष्ट कधी आणि का सुरू झाली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही गोष्ट सुरू झाली हवाई बेटांवर, चक्क एका वादातून. सगळ्यात दमदार कोण? पोहणारा, सायकलवाला की धावणारा? जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं सुचवलं की ओआहू बेटावर या तिन्हींच्या वेगवेगळ्या शर्यती होतातच, त्या एकाच दिवशी सलग करून बघू. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा पुरुष उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलरला ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद लागली. कॉलिन्स स्वतः सुमारे सतरा तासांनी पोचले. पुढच्याच वर्षी लिन लमेअर ही पहिली स्त्री उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. १९८२ मध्ये ज्युली मॉस ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी शेवटच्या टप्प्यात पुढे होती, पण पाय गेले. अखेरचं अंतर तिनं अक्षरशः रांगत पार केलं आणि २९ सेकंदांनी दुसरी आली. गंमत अशी की लोकांच्या लक्षात ती रांगणारीच राहिली.

पण खरं सांगू? माझं मन हवाईपेक्षा पुण्यातच जास्त रमलं. १९१९ साली डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. तिथल्या स्पर्धांत शेतकऱ्यांची मुलं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा पाहून ते चकित झाले. ह्यांना ऑलिंपिकला पाठवायला हवं, असं त्यांनी मनावर घेतलं. त्या काळचं आपलं अज्ञान बघा. शंभर मीटर धावायला ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागतो, असं विचारल्यावर निवड करणाऱ्या मंडळींपैकी एकानं एक ते दोन मिनिटं असं उत्तर दिलं होतं म्हणतात! तिथे हिशेब सेकंदाच्या दशांशाचा असतो हे त्यांना नंतर कळलं. तरीही १९२० मध्ये अँटवर्पला आपली माणसं गेली. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी मॅरेथॉनचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. त्यांनी ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पार केलं आणि एकोणिसावे आले. पहिला आलेला फिनलंडचा कोलेमाइनन त्यांच्या अठरा मिनिटं पुढे होता.

त्याच मॅरेथॉनमध्ये आपले सदाशिव दातारही धावले. निकालाच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे एवढंच आहे : पूर्ण केली नाही. बास. का, कुठे, कुठल्या मैलावर, काही नाही. सनावळ्या पाठ करून घेताना मीही मुलांना हेच शिकवलं की कोण जिंकलं, कोण हरलं. 'पूर्ण केली नाही' या तीन शब्दांच्या मागे काय असेल, हा प्रश्न मी वर्गात कधीच विचारला नाही.

आता माझ्या घरातलं सांगते.

१९९४ मध्ये मुंबईच्या रूपाली रेपाळेनं बाराव्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून पार केली. आमची लेकही तेव्हा त्याच वयाची. आठवड्यातून चार दिवस पोहायला जायची. तिनं पेपरातलं ते कात्रण वहीत चिकटवलं होतं. दोन वर्षांनी दहावीचं वर्ष आलं आणि मी पोहणं बंद केलं. दहावी हे कारण सांगायचं. खरं कारण असं की मुलगी मोठी झाली होती, चाळीतल्या बायका पोहण्याच्या कपड्यांवरून बोलत होत्या, आणि मी शाळेत बाई होते. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. मी एक दिवस तिची पोहण्याची पिशवी माळ्यावर टाकली. ती काही बोलली नाही. तिच्या वडिलांनी विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "तिलाच कंटाळा आलाय."

माझ्या पिढीची समजूतच तशी होती, असं म्हणून सुटता येईल. मी बी. ए. झाले त्या १९७२ साली ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा १५०० मीटर धावू दिलं. मॅरेथॉनसाठी १९८४ उजाडावं लागलं. पण रूपालीची आईही साधारण माझ्याच पिढीची असणार की!

असो. २०२४ च्या त्या दहा महिन्यांत मी लेकीचे सगळे रंग पाहिले. पहिले दोन महिने नुसता उत्साह. नवीन घड्याळ, नवीन बूट, बोलणं संपेना. मग उन्हाळ्यात कंटाळा आला. रोज तेच. उपवनला धावायचं, येऊरचा चढ चढायचा, संध्याकाळी ऑफिसमधून येऊन मुलांचा अभ्यास घ्यायचा. पावसाळ्यात चिडचिड सुरू झाली. सायकल संपवून तसंच धावायचा सराव करावा लागतो, कारण सायकलीनंतर पाय लाकडासारखे होतात आणि ते लाकूड धावतं करायला शिकावं लागतं. खायचाही सराव असतो! सायकलवर बसल्या बसल्या खजूर, चिक्की खायची, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायचं. पोट रुसलं तर सगळंच बिघडतं. एकदा आमच्या स्वयंपाकघरात खाली बसून ती भाताचं ताट पुढ्यात घेऊन रडली. मी विचारलं, "दुखतंय का?" म्हणाली, "नाही गं. नुसतं रडू येतंय."

सप्टेंबरात ती अलिबागजवळ समुद्रात सरावाला गेली आणि पन्नास मीटरवरून परत फिरली. तलावात तळ दिसतो, भिंत असते. समुद्रात पाणी गढूळ, छाती आवळली, श्वास घेता येईना. त्या रात्री ती थेट माझ्याकडे आली. म्हणाली, "आई, मला जमणार नाही. माझा स्वभावच आहे तो. मी सगळं अर्धवट सोडते. लहानपणी पोहणंसुद्धा कंटाळून सोडलंच की."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

अठ्ठावीस वर्षं! मी तिच्या वडिलांना थाप मारली होती आणि तिनं ती ऐकून खरी मानली होती. स्वतःच्या नावापुढे 'पूर्ण केली नाही' असं लिहून ती मोठी झाली होती. आणि ते अक्षर माझं होतं.

मी स्टुलावर चढून (पोरगी ओरडत होती, "आई, पडशील!") माळ्यावरून ती पिशवी काढली. चष्म्याचं रबर वितळून कापडाला चिकटलं होतं. वहीतलं कात्रण पिवळं पडलं होतं, पण वाचता येत होतं. मग मी सगळं सांगितलं. चाळीतल्या बायकांचंसुद्धा. शेवटी म्हटलं, "तू सोडलं नव्हतंस. मी सोडायला लावलं." ती किती तरी वेळ ते कात्रण बघत बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "एवढं वर्ष सांगायला लागलं तुला?" आणि जेवायला बसली. पुढचे आठ दिवस फोन आला नाही. नवव्या दिवशी आला. "उद्या मुरबाड. भात कर."

आयर्नमॅनची अशी शर्यत आपल्या देशात पहिल्यांदा झाली ती २०१९ मध्ये, पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर. चौगुले अँटवर्पला धावले त्याला तेव्हा नव्व्याण्णव वर्षं झाली होती. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच गोव्याच्या वाळूत मी छत्री घेऊन उभी होते. लाटांत सगळ्या टोप्या सारख्याच दिसतात, लेक कुठली ते कळेना. एक तास चार मिनिटांनी ती बाहेर आली. सहा मिनिटं हातात ठेवून! सायकल, धावणं, सगळं मिळून आठ तास सतरा मिनिटं. तिच्या मागे फार थोडे उरले होते. मला त्याचं काही नाही.

रात्री खोलीवर तिचे पाय चेपताना मी विचारलं, "समुद्रात भीती वाटली का?"

"वाटली. पण परत फिरायची आठवण झाली नाही."

मी आता कुठल्याही निकालाचा तक्ता शेवटून वाचते. ज्यांच्या नावापुढे वेळ नाही त्यांच्यापासून. तुमच्याही घरात कुणी 'अर्धवट सोडणारं' असेल तर त्याला एकदा विचारून बघा, आणि स्वतःलाही. माळ्यावर काय टाकलंय ते बहुतेक आपल्याला ठाऊक असतं.